थंडीतला गोठा: मुरबाड ते घणसोली, तुमच्याकडे अजून उभा आहे का?

पेंढ्यावरची_पोर
रविवार, रात्री ९:१०

मंडळी, नमस्कार. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. आमचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्याला सरळगाव सोडलं की पुढे आत. आजोबांच्या हातचा पाच खणी गोठा तिथे अजून उभा आहे. संक्रांत झाली की तो उतरवायचा आणि जागेवर पत्र्याची शेड घालायची, असं धाकट्या काकांनी ठरवलं आहे. शेवटची बैलजोडी तीन वर्षांपूर्वी विकली. नांगरणी आता पॉवर टिलर करतो आणि त्याला दावणीची गरज नाही.

काल पहाटे मुद्दाम गेले. ठाण्यातून निघताना अंगात साधा स्वेटर होता, मुरबाड ओलांडल्यावर गाडीच्या काचा वर घेतल्या. गावात पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. शेतांवर धुकं इतकं खाली होतं की बांध दिसत होते आणि खाचरं दिसत नव्हती. कापणी होऊन गेलेल्या भाताचे खुंट, त्यावर दव, आणि मध्ये आमचा गोठा. कौलांवरून वाफ निघत होती. लहानपणी ती वाफ आतल्या गुरांची आहे असं मला वाटायचं. आता आत एकही जनावर नाही, तरी उन्हाची पहिली तिरीप पडली की रात्रीचं दव वाफ होऊन वर जातं.

दाराला कडी नव्हतीच कधी, एक आडवा बांबू असायचा. तो काढून आत गेले. आधी काहीच दिसलं नाही. मग पूर्वेच्या बाजूच्या एका काचेच्या कौलातून ऊन आत आलं आणि तिरकं गव्हाणीवर पडलं. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ही तिरीप मार्गशीर्ष-पौषातच गव्हाणीपर्यंत येते. उन्हाळ्यात ती भिंतीच्या पायाशीच राहते. हे मला आजीने दाखवलं होतं. गव्हाणीवर ऊन आलं की चुलीवर चहा ठेवायचा, असा तिचा हिशेब.

गव्हाणीची वरची फळी सागाची आहे. तिच्या मधोमध दोन ठिकाणी लाकूड इतकं झिजलंय की हाताची ओंजळ बसते. डावीकडची झीज पांढऱ्याची, उजवीकडची कपिल्याची. चाळीस वर्षांत बैल बदलले, पण नावं तीच राहिली आणि मान घासायची जागाही तीच. मी बोट फिरवलं तर लाकूड काचेसारखं गुळगुळीत लागलं. सुताराने रंधा मारून अशी फळी होत नाही.

आमच्याकडे गोठा खऱ्या अर्थाने भरायचा तो थंडीतच. पावसाळ्यात तो ओला, वासाचा, माशांचा. उन्हाळ्यात गुरं झाडाखाली. दिवाळी झाली, झोडणी आटोपली की पेंढा माळ्यावर चढायचा आणि मग तीन महिने त्या गोठ्यासारखी दुसरी जागा नव्हती. खाली गुरांच्या अंगाची ऊब, वर नव्या पेंढ्याचा गोडसर वास. आम्ही मुलं माळ्यावर पेंढ्यात खड्डा करून झोपायचो. खालून रवंथ ऐकू यायचा, मध्येच घंटेचा एखादा ठोका.

काकांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या गुडघ्यांना आता छपराची शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावणं, झेपत नाही. पण तुमच्याकडे असे गोठे, पडव्या, पेंढ्याचे माळे अजून आहेत का? असतील तर कसे टिकवलेत? नसतील तर निदान कसे होते ते लिहा. मला हे सगळं एका जागी वाचायचं आहे.

*

आक्का_शहापूर
रविवार, रात्री ९:५२

पोरी, रडवलंस गं. पांढऱ्या-कपिल्या आमच्याकडेही होते.

*

गावठाणातला
रविवार, रात्री १०:३०

मी घणसोलीचा, आगरी. आमच्या गोठ्याची गोष्ट वेगळी आहे, ती सांगतो.

आमची जमीन खाडीकाठची. बांध घालून खारं पाणी अडवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी सोडायचं आणि त्या खारजमिनीत भात काढायचं. दिवाळीनंतर भारे डोक्यावरून घरी यायचे. गोठा घराला लागूनच होता, मध्ये फक्त एक कुडाची भिंत. आजी झोपायच्या आधी त्या भिंतीवर हात ठेवायची. भिंत कोमट असली की गाय बरी आहे. एका पौषात म्हैस व्यायला झाली होती, तेव्हा आजी म्हणाली होती, "थंडी परलीय, गोनपाट टाक तिच्या पाठीव." रात्रभर तीन गोणपाटं आलटून पालटून चुलीशी गरम करून आम्ही तिच्या पाठीवर टाकली. सकाळी पारडी उभी होती.

१९७० नंतर नवी मुंबईसाठी संपादन सुरू झालं. आमच्याही जमिनी गेल्या. गोठा मात्र गावठाणात, त्यामुळे तो राहिला. आता विचार करा, गोठा आहे, गुरं आहेत आणि शेत नाही. पेंढा विकत आणायचा, तोही कल्याणच्या पलीकडून, टेम्पोने. आजोबांना पैसे मोजून पेंढा घेण्याची लाज वाटायची. टेम्पो रात्री उशिरा बोलवायचे, गावाला दिसू नये म्हणून. चार-पाच वर्षं असं चाललं आणि मग म्हशी विकल्या.

१९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पोलीस गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. तो आमच्या पोटापाण्याचा आधार झाला, हे खरंच आहे. पण गोठ्याचं काय झालं? वडिलांनी तिथे भाड्याच्या चार खोल्या काढल्या. पाया तोच ठेवला. एका खोलीत मागच्या भिंतीशी गव्हाणीचा दगडी कठडा अजून आहे, तोडायला फार लागला म्हणून राहिला. भाडेकरू बाई त्यावर गॅसची शेगडी ठेवते. मागच्या महिन्यात भाडं आणायला गेलो तर कठड्याच्या कडेला लोखंडी कडी दिसली, दावं बांधायची. तिने तिला हात पुसायचं फडकं बांधलंय. मी कडीला हात लावून आलो.

तुमचा उभा आहे. उतरवायच्या आधी हजारदा विचार करा.

*

शुभ्रा_येऊर
सोमवार, सकाळी ७:१५

पक्षीनिरीक्षणामुळे गोठ्यांशी माझं नातं जडलं, म्हणून त्या बाजूने लिहिते.

गव्हाणी घुबड सगळ्यांना माहीत असेल. पांढरट अंग, बदामाच्या आकाराचा चेहरा, घूत्कार न करता कर्कश किंचाळणारं. त्याच्या मराठी नावातच गव्हाण आहे. इंग्रजीतही त्याला धान्याच्या कोठारावरूनच नाव पडलंय. म्हणजे दोन टोकांच्या देशांत लोकांना हा पक्षी एकाच ठिकाणी भेटला. जिथे दाणा आणि पेंढा तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे हा. त्याचे दोन्ही कान एका पातळीवर नसतात, एक थोडा वर, एक खाली. त्यामुळे उंदराची खसफस नेमकी कुठून आली हे त्याला मिट्ट काळोखात कळतं. पेंढ्याच्या माळ्यावर याहून चांगला राखणदार नाही.

लोक त्याला अपशकुनी समजतात आणि हाकलतात, याचं मला फार वाईट वाटतं. उंदराचं औषध ठेवलं तर ते खाल्लेला उंदीर घुबड खातं आणि तेही मरतं. ज्यांच्याकडे घुबड आहे त्यांनी औषध ठेवू नये, ही विनंती.

दुसरा पाहुणा फक्त थंडीतला. माळभिंगरी. उत्तरेकडून हिवाळ्यात आपल्याकडे येते. पाठ निळी-काळी, गळ्याशी तांबूस, शेपटीला लांब दोन टोकं. तिकडे ती गोठ्याच्या तुळईवर चिखलाचं घरटं करते, आपल्याकडे येते ती फक्त थंडी काढायला. कापलेल्या भातशेतावर किडे टिपत फिरते आणि संध्याकाळी तारांवर ओळीने बसते. मुरबाडच्या बाजूला डिसेंबरात तिचे थवे मी पाहिलेत.

पेंढ्यावरची_पोर, तुमच्या माळ्यावर एकदा टॉर्च घेऊन चढा. पांढरे ओघळ आणि अंगठ्याएवढे राखाडी गोळे दिसतात का पहा. ते घुबडाने ओकलेले असतात. फोडले तर आत उंदराची हाडं आणि केस सापडतात.

*

पेंढ्यावरची_पोर
सोमवार, सकाळी ८:०५

शुभ्रा, पांढरे ओघळ आहेत! मला वाटलं चुना गळलाय. शनिवारी पुन्हा जातेय तेव्हा चढून बघते.

गावठाणातला, तुमची ती कडी डोळ्यांसमोरून जात नाही.

*

एकच_कप_चहा
सोमवार, दुपारी १:४०

वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझी आई सोळाव्या वर्षी लग्न होऊन शहापूरजवळच्या गावी आली आणि पुढची पंचवीस वर्षं पहाटे चारला उठून गोठा काढला. डिसेंबरात थंडगार शेणात कोपरापर्यंत हात घालायचे. तिच्या बोटांची सालं निघायची, त्यावर ती रात्री खोबरेल लावायची. आम्हा मुलांना माळ्यावर ऊब मिळाली ती तिच्या त्या हातांवर. गोठा सुंदर होता हे मलाही मान्य आहे. फक्त त्याबद्दल लिहिताना ती पहाटही लिहावी असं वाटतं.

*

आक्का_शहापूर
सोमवार, दुपारी २:२५

अगदी खरं बोललास बाबा. मी त्यातलीच. एक सांगू का, शेण थंड असतं ते खालचं, रात्रीचं. ताजं पडलेलं गरम असतं. थंडीत आम्ही सासवा-सुना आधी ताज्या पोवट्यात हात घालायचो, बोटं वळायला लागली की मग बाकीचं. हे कुणाला सांगितलं तर किळस वाटेल, पण त्या वेळेला तेवढंच सुख होतं.

आणि माझ्या आयुष्यात मी कुणाशी मनातलं बोलले असेन तर ती आमची तांबू गाय. सासरी पहिली दोन वर्षं घरात तोंड उघडायची सोय नव्हती. धार काढताना तिच्या पोटाला कपाळ टेकायचं आणि बोलायचं. ती कान हलवायची. थंडीत तर मी मुद्दाम हळू धार काढायचे, तिथेच ऊब होती म्हणून. घरात माझ्या वाट्याला एक गोधडी, तीही दाराशी.

गोठा उतरवला तेव्हा घरातल्या पुरुषांना काही वाटलं नाही. मला मात्र माहेर मोडल्यासारखं झालं होतं.

*

एकच_कप_चहा
सोमवार, दुपारी २:५०

आक्का, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आमची हरणी." आणि मग बराच वेळ हरणीबद्दल बोलत बसली. पंचवीस वर्षांत हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

*

गुरांचा_डॉक्टर
सोमवार, रात्री ८:२०

मी पशुवैद्य आहे, ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात काम करतो. पत्र्याच्या शेडबद्दल थोडं सांगतो, कारण बरेच जण सोय म्हणून पत्रा घालतात आणि मग थंडीत वासरं खोकायला लागली की मला फोन करतात.

पत्रा रात्री झपाट्याने थंड होतो. आत गुरं असतात, त्यांचा श्वास आणि मूत यांची वाफ वर जाते, थंड पत्र्याला लागते आणि पहाटे थेंब होऊन जनावरांच्या पाठीवर गळते. अंग ओलं आणि वरून गार वारा, हे लहान वासराला सोसत नाही. दुपारी तोच पत्रा भाजतो. नळीच्या कौलांचं तसं नाही. माती जाड असते, हळू गार होते, थोडा ओलावा शोषते, आणि कौलांच्या फटींतून वाफ निघून जाते. त्यात वर माळ्यावर पेंढा असला तर ती जाड गोधडीच झाली. गायीच्या अंगाचं तापमान ३८.५ अंशांच्या आसपास असतं, शिवाय तिच्या पोटात चारा आंबतो त्याचीही उष्णता सतत बाहेर पडते. चार-पाच जनावरं, वर पेंढा, वाऱ्याच्या बाजूने कूड, एवढ्यावर आपल्याकडच्या थंडीत गोठा सुखाचा उबदार राहतो.

मात्र जुन्या गोठ्यातही खोट असते, ती झाकू नये. बरेच गोठे फार बुटके आणि काळोखी. मूत साचतं, त्याच्या झणक्याने डोळे चुरचुरतात. माणसाला चुरचुरलं तर जनावराला त्याहून जास्त, कारण त्याचं नाक जमिनीजवळ असतं. माझा सल्ला: आढ्याच्या बाजूने वारा जायला हातभर फट ठेवा, जमीन फरशीची करून मोरीकडे उतार द्या, पूर्वेची बाजू उघडी ठेवा. पश्चिम आणि उत्तर बंद. एवढं केलं तर शंभर वर्षांपूर्वीचा गोठा आजही नव्या शेडपेक्षा बरा.

*

नौपाडा_ते_व्हरमाँट
मंगळवार, पहाटे ४:३५

धागा वाचून राहवलं नाही. माझं बालपण नौपाड्यात गेलं, आता अमेरिकेत व्हरमाँटमध्ये बारा वर्षं आहे. इथे बाहेर गुडघाभर बर्फ आहे. आमच्या शेजाऱ्याचं जुनं लाकडी कोठार खिडकीतून दिसतं, आणि दर हिवाळ्यात ते बघताना मला आजोळचा, भिवंडीजवळचा गोठा आठवतो.

बांधणी ऐका. टेकडीच्या उतारात खणून बसवलेलं दोन मजली कोठार. वरच्या अंगाने गाडी थेट वरच्या मजल्यावर जाते आणि सुकं गवत उतरवते. खालच्या अंगाने गाईंचं दार, तेही शक्यतो दक्षिणेला, ऊन यावं आणि उत्तरेचा वारा लागू नये म्हणून. वर गवत, खाली गाई, आणि मधल्या तक्तपोशीला चौकोनी भोक, त्यातून गवत खाली टाकायचं. डॉक्टरसाहेबांनी गोधडी म्हटलं ना, नेमकं तेच. तुळयांना जुन्या कामात खिळा नाही. एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ, आणि आरपार लाकडी खुंटी.

हे लाल रंगाचे का असतात, असं मी शेजाऱ्याला विचारलं होतं. पूर्वी जवसाच्या तेलात लोहाची लाल माती कालवून लावायचे. स्वस्त पडायचं आणि लाकूड टिकायचं. घरी येऊन विचार करत बसलो आणि एकदम ट्यूब पेटली. लोहाची लाल माती म्हणजे आपला गेरूच की! आजी ज्या गेरूने तुळशीवृंदावन आणि ओटा सारवायची, त्याच मातीने ही पांढऱ्या बर्फातली लाल कोठारं रंगली आहेत.

शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हँकॉकला शेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८२६ मध्ये बांधलेलं गोल दगडी कोठार आहे, ते पाहून आलो. मधोमध गवताचा ढीग आणि सभोवार गाई, सगळ्यांची तोंडं आत. एका माणसाने मध्ये उभं राहून पन्नासेक गाईंना चारा घालावा अशी सोय. मला तिथे उभं राहून खळं दिसलं. मधे तिवडा, म्हणजे मळणीचा खांब, आणि भोवती पात धरून फिरणारे बैल.

शेजारी एक गोष्ट नेहमी सांगतो. रिकामं कोठार लवकर पडतं. गाई होत्या तोवर रोज कुणीतरी आत जायचं, गळणारं फळकूट दिसायचं, त्याच दिवशी ठोकलं जायचं. गाई गेल्या की एका थंडीत छप्पर एक इंच वाकतं आणि बघायला कुणी नसतं. या रस्त्याला मी आल्यापासून दोन पडली. दोन्ही रिकामी होती.

*

गावठाणातला
मंगळवार, सकाळी ९:००

रिकामं लवकर पडतं, हे आमच्याकडेही तंतोतंत. आमच्या आळीत एक गोठा गुरं गेल्यावर सहाव्या पावसाळ्यात बसला. गुरं असताना साठ वर्षं काही झालं नव्हतं.

*

पनवेलची_सुगरण
मंगळवार, सकाळी ११:१०

माझ्याकडे गोठ्याची आठवण म्हणजे पोपटी. पनवेल-अलिबाग पट्ट्यात थंडीत वालाच्या शेंगा आल्या की करतात. मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, ओवा, मीठ, मध्ये मध्ये चिकन किंवा अंडी, पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. पाणी आणि तेल अजिबात नाही. मडकं उलटं ठेवून भोवती आग. आमच्याकडे ती आग कायम गोठ्यामागे, आणि पेटवायला पेंढा गोठ्यातला. मोठे काका पेंढी काढून द्यायचे आणि बजावायचे, "मोजून देतोय, गुरांच्या तोंडचा आहे." पोपटी पिकली की पहिली मूठ शेंगा गाईला जायची. भांबुर्डीच्या वासाचं मडकं गोठ्याच्या दारात फोडलं जायचं, त्या वेळेचा धूर आजही नाकात आहे.

एवढंच लिहायचं होतं.

*

सुतारपक्षी
मंगळवार, रात्री १०:१५

आता कामाचं बोलू. सुतारकी आमची पिढीजात. मी कळव्यात फर्निचर करतो, पण गावाकडची जुनी घरं आणि गोठे दुरुस्तीला घेतो, आवड म्हणून. पेंढ्यावरची_पोर ताई, उतरवायचा निर्णय घेण्याआधी या गोष्टी बघून घ्या.

मेढी, म्हणजे खांब, कसल्या आहेत? ऐनाच्या किंवा सागाच्या असतील तर वरचं लाकूड बहुधा ठणठणीत असेल. कुजतं ते जमिनीलगतचं हात-दीड हात. तेवढा बुंधा कापायचा, खाली दगडाची बैठक द्यायची. सगळा गोठा उतरवायची गरज पडत नाही, एक एक मेढ टेकू देऊन करता येते. किल्लीने किंवा पेचकसाने टोचून बघा. टोक आत गेलं तर कुजलंय, टक् असा आवाज आला तर चांगलं.

वाळवीचे मातीचे माग मेढीवर दिसले तर ते आधी मोडा. काजूच्या टरफलांचं तेल बुंध्याला पाजायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण हातमोजे घालून, कातडीला लागलं तर भाजतं. जुने वासे काळेकुट्ट दिसतात ना, ती घाण नाही. संध्याकाळी डासांसाठी शेणीची आणि कडुलिंबाची धुरी करायचे, तो धूर वर्षानुवर्षं बांबूला बसला म्हणून त्याला कीड लागली नाही. कृपा करून ते घासून काढू नका. एका ठिकाणी मालकाने हौसेने घासून पॉलिश केलं, दोन वर्षांत बांबूतून भुसा गळायला लागला.

कूड कारवीचा आहे का? असेल तर फार चांगलं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते, त्या काठ्या सरळ आणि चिवट. शेणमातीचा लेप दर थंडीत नवा घातला तर कूड माणसाचं आयुष्य काढतो. लेपासाठी थंडीच बरी, हळू सुकतो, तडे जात नाहीत.

कौलं ही खरी अडचण. नळीची कौलं हाताने करणारे कमी राहिले आणि माकडं फोडतात. पडलेल्या घरांची जुनी कौलं जमवावी लागतात. काकांना शाकारणी झेपत नसेल तर फक्त वाऱ्याच्या बाजूला मंगलोरी कौलं घाला आणि उरलेली नळीची कौलं दुसऱ्या बाजूला एकत्र वापरा. दिसायला थोडं विजोड दिसेल, पण गोठा उभा राहील.

*

आक्का_शहापूर
मंगळवार, रात्री १०:४०

सुतारदादा, पेंढ्याचंही सांगा की. ओला चढवला तर घात होतो.

*

सुतारपक्षी
मंगळवार, रात्री १०:५५

आक्का, ते तुम्हीच सांगा, तुमचा अधिकार.

*

आक्का_शहापूर
बुधवार, सकाळी ६:३०

ऐका मग. पेंढा खळ्यावर चांगला उन्हात वाळल्याशिवाय माळ्यावर चढवायचा नाही. आत ओल राहिली की तो आतल्या आत तापतो. आधी वाफ धरतो, मग काळा पडतो, आणि मोठा ढीग असेल तर पेटही घेतो. आमच्या गावात पेंढ्याची एक उडवी अशीच रात्री आपोआप पेटली होती. कुणी काडी लावली म्हणून दोन घरांत वर्षभर बोलणं बंद होतं.

रचल्यावर चार-पाच दिवसांनी हात खांद्यापर्यंत आत खुपसून बघायचं. गार लागला तर निश्चिंत. कोमट लागला तर त्याच दिवशी उतरवायचा, उद्यावर टाकायचं नाही. माझी सासू रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पेंढ्यात हात घालून यायची. आम्हाला सांगायची, पोटुशी बाई आणि नवा पेंढा, दोघांची रोज चौकशी करावी.

*

गुरांचा_डॉक्टर
बुधवार, सकाळी ७:१०

आक्कांचं शंभर टक्के बरोबर. साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा राहिला तर धोका. काळा, बुरशीचा पेंढा गाभण जनावराला तर अजिबात घालू नये.

*

पेंढ्यावरची_पोर
रविवार, रात्री ८:४५

सगळ्यांना सविस्तर सांगते. शनिवारी सकाळी गेले, या वेळी चुलतभावालाही घेऊन गेले. तो मुरबाडला दुकान चालवतो, गोठ्यात त्याला पूर्वी कधी रस नव्हता.

आधी माळा. शुभ्रा, आहे! गोळेही सापडले. आढ्याच्या टोकाला, जिथे दोन उतार मिळतात तिथे, एक पांढरा चेहरा आमच्याकडे बघत डावी-उजवीकडे झुलत होता. भाऊ शिडीवरच थिजला. पाच मिनिटं आम्ही काही न बोलता तसेच उभे. खाली आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे काकांच्या कोनाड्यातली उंदराच्या औषधाची पुडी काढून घेतली.

मग मेढी. अठरांपैकी पाचांचे बुंधे गेलेत, बाकी सगळीकडे टक् असा आवाज. सुतारपक्षी, तुमचा मजकूर काकांना मोठ्याने वाचून दाखवला. धुराच्या काळ्या वाशांचं आलं तेव्हा ते म्हणाले, "हे त्याला कुणी सांगितलं? हे बाबा सांगायचे." आणि उठून स्वतः पेचकस घेऊन मेढी टोचत फिरले.

रिकामं लवकर पडतं, हे मात्र सगळ्यांना लागलं. काकी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, पलीकडच्या वाडीतल्या शेजाऱ्याच्या दोन गाई पत्र्याखाली पहाटे भिजतात, तो जागा शोधतोच आहे. आपल्याकडे बांधू दे, शेण आपल्याला, दूध त्याचं. काकांनी आधी नाही म्हटलं. मग विचारलं, "पेंढा कोण चढवणार?" भाऊ म्हणाला, "मी चढवतो." हे तो बोलला यावर काकीचा विश्वास बसेना.

शेड तूर्त रद्द. पाच मेढी या थंडीत, वाऱ्याच्या बाजूला मंगलोरी पावसाच्या आधी. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या यात्रेत बैलबाजार भरतो, तिथे काका दरवर्षी नुसते बघायला जातात. या वर्षी दोन नवी दावी आणि एक घंटा घेऊन येणार आहेत. बैल नाही, फक्त घंटा.

काल दुपारीच खळ्यावरचा उरलेला पेंढा चढवायला घेतला. मी खालून पेंढ्या फेकत होते, भाऊ वर रचत होता, घुबडाच्या टोकापासून दोन वाव जागा सोडून. साठ पेंढ्या झाल्या. संध्याकाळी गाई आल्या. एक तांबडी, एक बांडी. बांडीने दारात थांबून बराच वेळ वास घेतला, मग आत गेली आणि सरळ उजवीकडच्या झिजलेल्या जागेवर मान टेकली.

रात्री मी माळ्यावर झोपले. पहाटे काकी शिडी चढून वर आली. मला वाटलं मला उठवायला आली. तिने बाही खांद्यापर्यंत वर सारली, पेंढ्यात हात खुपसला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

"गार आहे," म्हणाली, आणि खाली धारेला शेजारी आला होता त्याला कासंडी द्यायला उतरली.